गळ्यातली अक्का

शालूबाईच्या लग्नात तिच्या गळ्यात आधी सवत पडली आणि मग नवरा.

झालं असं, की उकंडरावांची पहिली बायको केवळाबाई काविळीनं गेली होती. आणि बिजवराच्या दुसऱ्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्यांच्या घराण्यातली रीत. देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात तसलाच, पण हा अंगावर वागवायचा. रुपयाएवढा रुप्याचा पातळ पत्रा, त्यावर मागून ठोकून उठवलेली बाईची आकृती, वर एक कडी आणि कडीत काळा दोरा. भर मांडवात सासूनं तो दोरा शालूबाईच्या मानेमागे बांधला, टाकाला हळदकुंकू लावलं आणि बजावलं, "ही थोरली. हिला इचारल्याबिगर काई करायचं न्हाई. नवं लुगडं आधी हिला, मग तुला. समजलं का?"

एकोणीस वर्षांच्या पोरीनं मान हलवली. दुसरं काय करणार? डोरलं त्यानंतर आलं.

टाक म्हणजे दागिना नव्हे, असं जाणत्या बायका म्हणतात. असेल बापडा. पण वसमतच्या अलीकडच्या त्या खेड्यात शालूबाई नांदायला आली तेव्हा एक डोरलं, एक काळी पोत आणि हा टाक, एवढाच तिचा जामानिमा होता. वय हौसेचं. तिनं टाकाचाच दागिना करून टाकला. आठवडी बाजारातून लाल मणी आणले आणि टाकाच्या दोन्ही अंगांना ओवले. सासूनं डोळे वटारले. "हे काय नाटक?"

"थोरलीला नटवून राहिले," शालूबाई म्हणाली.

आता यावर सासू काय बोलणार? थोरलीला नटवू नको, असं कसं म्हणणार? म्हातारी पदराचा बोळा तोंडाला लावून आत निघून गेली आणि त्या दिवसापासून दोघींचं बरं जमलं.

थोरलीला शालूबाई अक्का म्हणू लागली. सुरुवातीला भीतीच होती. डोकं दुखलं की आयाबाया म्हणायच्या, थोरली रुसली असंल. दूध नासलं तरी थोरली आणि पाय मुरगळला तरी थोरली. मग शालूबाई टाक मुठीत धरून पुटपुटायची, "अक्का, चुकलं असंल काई तर सांगा." अक्का काही सांगायच्या नाहीत. हळूहळू भीती गेली आणि सवय राहिली. हळद शिजवताना, निंदताना, जात्यावर, एकटी असली की ती अक्काशी बोलायची. सासूबद्दल बोलायची, माहेराबद्दल बोलायची. ज्या गोष्टी नवऱ्याला सांगता येत नाहीत त्या त्याच्या पहिल्या बायकोला सांगता येतात, हे तिला फार लवकर कळलं.

खरी परीक्षा होती ती मंजुषाची. केवळाबाई गेली तेव्हा ही लेक अंगावर पिणारी, आणि शालूबाई घरात आली तेव्हा दीड-पावणेदोन वर्षांची. आजीच्या कडेवरून खाली उतरेना. शालूबाईनं हात पुढे केले की भोकाड पसरायची. गूळ झाला, खुळखुळा झाला, चिमणी-कावळा झाला. पोरगी काही बधेना.

एके दिवशी शालूबाई उन्हात बसून केस विंचरत होती. टाक चमकला. लेकरू आजीच्या कडेवरून घसरलं, तुरुतुरु चालत आलं, मांडीवर चढलं आणि टाक धरून सरळ तोंडात घातला. दाढा येत होत्या तिला. कराकरा चावू लागली. आपण हललो तर पाखरू उडून जाईल, असं शालूबाईला झालं होतं.

त्यानंतर ते रोजचंच झालं. पत्रा तो केवढा जाड! वर्षाच्या आत केवळाबाईचं नाक बसलं. सासूनं कपाळाला हात लावला. "अगं माय, लेकरानं मायचं नाक खाल्लं की!" शालूबाईला हसू आवरेना, आणि हसल्याबद्दल तिनं पोटभर बोलणी खाल्ली. टाकाच्या खालच्या कडेला मंजूच्या दाताची एक खोक पडली, ती कायमचीच. पुढे चावणं सुटलं, पण झोपताना टाक मुठीत लागायचाच, आणि अंगठ्यानं तो घासत घासत ती झोपायची. नाकामागून डोळे गेले, मग ओठ गेले. पोरगी शाळेत जाऊ लागली तोवर अक्कांचं तोंड चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

सगळं गोड चाललं होतं. पण गोड चाललेल्यात खडा टाकायला कुणी ना कुणी असतंच. हळदीच्या खळ्यावर एक म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, "पाहा, लेकराला माय बराबर कळती. रुप्यात असली तरी कळती." बाकीच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शालूबाईनंही लावला. पण तिच्या काळजात काहीतरी रुतून बसलं.

म्हणजे ही पोर गळ्यात पडते ती कुणाच्या? माझ्या, की माझ्या गळ्यात असलेल्या तिच्या मायच्या?

एकदा तिनं खात्री करून घ्यायची ठरवली. टाक काढून डब्यात ठेवला आणि मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "मंजू, ये." मंजू आली, मांडीवर चढली, गळ्याशी हात नेला. चाचपलं. पदराखाली बघितलं, मानेमागे बघितलं. मग ओठ काढून रडायला लागली आणि काही केल्या गप्प होईना. शालूबाईनं टाक परत बांधला. पोरगी क्षणात शांत.

तिनं पुन्हा असली परीक्षा कधी घेतली नाही. उत्तर माहीत असलेला प्रश्न माणूस कशाला विचारील? पण पोरीनं आपल्यासाठी यावं, ही ओढ काही मेली नाही. पुढे मुलगा झाला, भागवत. तो हक्कानं गळ्यात पडायचा. त्याला टाकाची गरज लागली नाही. शालूबाईला त्याचं सुख होतं, नव्हतं असं नाही. तरी मंजू शाळेतून येऊन "मावशी" म्हणत बिलगली, की तिचा हात पाठीवर फिरायचा आणि मन विचारायचं, कुणासाठी गं?

आणि जिच्याशी ही अबोल चढाओढ, ती दिसायची कशी हेच शालूबाईला ठाऊक नव्हतं. केवळाबाईचा एक फोटो म्हणाल तर घरात नाही. शालूबाईनं ज्याला त्याला विचारून पाहिलं. सासू म्हणायची, तुझ्याहून उंच. शेजारीण म्हणायची, बुटकीच होती पण गोरी. केवळाबाईच्या माहेरचं माणूस आलं, ते म्हणालं, सावळी, पण केस असे की बघत राहावं. या तिन्ही बायका मिळून एक होईना. शेवटी तिनं उकंडरावांना विचारलं, "अक्का कशा दिसायच्या हो?"

उकंडराव माणूस वाईट नव्हते. हात उगारणं नाही, ताट भिरकावणं नाही. फक्त शालूबाईशी बोलताना त्यांची नजर तिच्या तोंडावर नसायची, जरा खाली, गळ्यापाशी असायची. त्या दिवशीही ते टाकाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "लय वर्सं झाली आता," आणि मोटर चालू करायला विहिरीकडे गेले. शालूबाईनं तो विषय पुन्हा काढला नाही. त्या माणसालाही काहीतरी हवं होतं आणि ते तिच्या जवळ असून तिचं नव्हतं.

दिवस जात राहिले. हळदीला चांगले भाव आले त्या वर्षांत बोरमाळ झाली, पुढे पाटल्या झाल्या. सासू गेली. मंजुषा नर्सिंग शिकली, नांदेडला नोकरीला लागली, तिथंच लग्न होऊन राहिली. सणावाराला यायची. आली की उंबऱ्यातच गळ्याशी हात नेऊन टाकावरून एकदा अंगठा फिरवायची, आणि मग विचारायची, "कशी हाईस, मावशी?" आधी टाक, मग मावशी. शालूबाईच्या नजरेतून हे सुटत नसे.

मागच्या चैत्रात उकंडराव गेले. बायका जमल्या, शालूबाईचं कुंकू पुसलं, डोरलं काढलं, पायातली जोडवी काढली. एकीनं टाकाच्या दोऱ्याला हात घातला तशी इतका वेळ मातीच्या ढेकळासारखी बसलेली शालूबाई एकदम ताठ झाली.

"तिला हात लावू नका. ती सवाष्ण गेलेली हाय. तिचं उतरवणारे आपण कोण?"

असा पेच कुणाच्या ऐकण्यात नव्हता. केवळाबाई खरंच अहेवपणी गेलेली. शेवटी टाक राहिला. उघड्या गळ्यावर तो एकटाच राहिला, दोन बाजूंचे लाल मणी मात्र शालूबाईनं आपल्या हातानं काढून ठेवले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा दागिन्यांचा विषय निघाला. भागवतनं बहिणीला फोन लावून दिला. शालूबाई म्हणाली, "मंजू, आता मला सोनं काय करायचं? बोरमाळ तू घे, पाटल्या सुनेला देते."

मग मंजुषा म्हणाली, "मला सोनं नको, मावशी. टाक देशील का? मी आल्यावर?"

"देते की," शालूबाई म्हणाली. "तुझ्याच मायचा हाय तो."

मंजुषा काहीतरी बोलायला गेली, पण दवाखान्यात कुणी तिला हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

शालूबाई हातातला फोन बघत बसली. झालं. इतक्या वर्षांचा निकाल लागला. बोरमाळ नको, मावशीच्या अंगावरचं दुसरं काही नको, मायचं तेवढं पाहिजे. ती रागावली नाही. रागावणार कुणावर? लेकरानं मायचं मागितलं, यात लेकराची काय चूक? तिला फक्त आपला हात रिकामा झाल्यासारखं वाटलं, आणि मग डोळे भरून आले, आणि ती त्यांना भरू देत बसून राहिली.

मग तिनं नाक पुसलं. द्यायचाच तर नीट द्यावा. तिनं आरशासमोर टाक हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे दुसऱ्याला द्यायची वस्तू म्हणून बघितलं. काय होतं त्यावर? डोकं कुठलं नि खांदा कुठला हेसुद्धा कळेना. खोबणीत हळदीची पिवळी पुटं बसलेली, कडेला खोक. लेक मायचा चेहरा न्यायला येणार आणि आपण तिच्या हातात काय ठेवणार, कोरा पत्रा?

"अक्का," ती म्हणाली, "तुमचं तोंड करून आणते. लेकीला भेटायचं हाय तुमाला."

दुसऱ्या दिवशी एसटीनं ती वसमतला गेली. सराफाच्या गल्लीत ज्याच्या बापानं हा टाक घडवला होता तो सोनार आता स्वतः म्हातारपणाला लागला होता. त्यानं टाक चष्म्याजवळ धरला.

"मावशी, हा मोडीत घाला. नवा देतो, ठसठशीत."

"न्हाई. हेच रुपं पाहिजे. ह्याच्यावरच तोंड काढा."

"कसं होतं तोंड?"

आता आली का पंचाईत! उंच की बुटकी, गोरी की सावळी? शालूबाई थांबली. आणि मग तिच्या तोंडून आपोआप येत गेलं, "नाक जरासं वर उचललेलं. डोळे मोठे, पण हसली की बारीक होतेत. हनुवटीला खळगी." बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, की आपण मंजूचं सांगून राहिलोत. आपण जन्मात एवढं निरखून दुसऱ्या कुणाला बघितलेलंच नाही. तिनं दुरुस्त केलं नाही. लेक मायसारखीच असणार की.

सोनारानं मान डोलावली आणि जसं सगळ्यांचं करतो तसंच तोंड केलं. मऊ राळेच्या थरावर पालथा ठेवून टाक मागून ठोकला, नाक वर काढलं, डोळे कोरले, कडेची खोक ठोकून सपाट केली, पॉलिश मारलं. टाक असा लखलखला की शालूबाईला तो एकदम परका वाटला. पण तिनं मनाची समजूत घातली. बरोबरच आहे. परकाच होता. आपण उगाच आपला समजत होतो.

श्राद्ध आटोपलं, पंगती उठल्या, पाहुणे पांगले. भागवत बैलांना पाणी दाखवायला गेला. मंजुषा आणि शालूबाई ओसरीवर दोघीच उरल्या. आल्यापासून मंजुषाचं लक्ष मावशीच्या मोकळ्या गळ्याकडे होतं. शालूबाईनं कापडात बांधलेला टाक आणून तिच्या ओंजळीत ठेवला. "घे बाई. तुझी माय तुझ्या हवाली केली. मी सुटले."

हसून म्हणायचं ठरवलं होतं तिनं. हसू काही नीट आलं नाही.

मंजुषानं गाठ सोडली. टाक बघितला. पालथा केला, पुन्हा सुलटा केला. मग डोळे मिटले आणि त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा नाकाला अडला. तिनं खालची कड चाचपली, एकदा, दोनदा, गोल फिरवून चाचपली.

"हे कुणाचं हाय?"

"कुणाचं म्हंजे? तुझ्या मायचं. तोंड झिजलं होतं, नवं करून आणलं सोनाराकडून."

"माझी खोक कुठं हाय?"

"बुजवली त्यानं. चांगली सफाईनं बुजवली, बघ की."

मंजुषाचा चेहरा लहानपणी ओठ काढायची तसा झाला. रोज माणसं जन्मताना आणि मरताना बघणारी ती बाई, वयाची पस्तिशी ओलांडलेली, ओसरीच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडायला लागली. शालूबाई घाबरलीच. "काय झालं गं? अक्कांचं तोंड चुकलं का? अशा नव्हत्या का त्या?"

"मला काय माहीत, कशी होती!" मंजुषा म्हणाली. "मी पाहिली तरी का तिला? मावशी, ह्याच्यावर तोंड नव्हतंच कधी. मला आठवतंय तवापासून नव्हतं. हे मुठीत असायचं, आणि तोंड बघायचं असलं की मी वर बघायची. वर तू असायचीस."

शालूबाई तिच्याजवळ ओसरीच्या कडेला टेकली.

"मग मागितला काहून?" ती म्हणाली. "मायचा म्हणूनच ना?"

"तू फोनवर तसं म्हणालीस, आन् मला सांगायचं होतं, पण तिकडं पेशंट आला. अगं, तुझा म्हणून मागितला. बोरमाळ, पाटल्या ह्या मागाहून आलेल्या. माझ्या वळखीचं तुझ्या अंगावर दुसरं हाय काय? उद्या तू नसलीस तर मी कशावरून अंगठा फिरवू?" तिनं नाक ओढलं. "आन् तू ते पुसून आणलंस."

शालूबाईला तो डबा आठवला, मोकळा गळा चाचपणारं लेकरू आठवलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते मायला हुडकत होतं. आता तिला पहिल्यांदाच सुचलं, की नेहमीच्या माणसाच्या अंगावर नेहमीची खूण नसली तर कुठलंही लेकरू रडेल. एवढी साधी गोष्ट. आणि तिनं त्यावर अर्धा जन्म झुरण्यात घालवला होता.

"माझी अक्कलच म्हशी चारायला गेली व्हती," ती म्हणाली, आणि आता मात्र रडू तिलाही आवरेना. "आता काय करू गं मी?"

मंजुषानं डोळे पुसले. टाकाकडे बघितलं. मग एकाएकी तो तोंडात धरला आणि कडेला कचकन दात मारला.

"अगं! दात जाईल तुझा!"

मंजुषानं टाक बाहेर काढून उजेडात धरला. बारीकशी रेघ उमटली होती, खोक म्हणण्याइतकी नव्हे. "पहिल्यासारखे दात न्हाईत राहिले," ती म्हणाली आणि रडता रडता हसली. हसल्यावर डोळे बारीक झाले. मग ती उठून शालूबाईच्या मागे गेली आणि काळा दोरा तिच्या मानेवर बांधू लागली. "घाल. झिजव. पहिल्यासारखा झाला की मग दे मला."

"झिजायला लय वर्सं लागतीन, बाई."

"लागू दे की. मला घाई न्हाई."

गाठ मारून ती पुढे आली, पायरीवर खाली बसली आणि पूर्वीसारखं डोकं शालूबाईच्या गळ्याशी टेकवलं. पण सोनारानं काढलेलं नवंकोरं नाक तिच्या गालात रुतलं.

"टोचून राहिलं हे," मंजुषा म्हणाली. तिनं टाक धरला, दोऱ्यावरून सरकवत खांद्यावरून मागे पाठीवर टाकून दिला, आणि मोकळ्या झालेल्या गळ्याशी पुन्हा डोकं ठेवलं.

शालूबाईचा हात तिच्या पाठीवर आला. मन आज काहीच विचारत नव्हतं.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "घडीभर मागंच थांबा."